दिव्याची बाई

"न्हाई म्हंजे न्हाई! ती बाई नंदावहिनी न्हाईच!" सीतारामनं चहाचा ग्लास बाकावर आपटला. "हारलो तर हिरवं लुगडं नेसतो, हातात पेटता दिवा घिऊन भाजे गावातनं मळवली स्टेशनापोत्तर चालत जातो. तू हारलास तर तू जायचं."

"लागली पैज," सोपान बोलून गेला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

टपरीवरच्या टाळक्यांनी शिट्ट्या मारल्या.

दीपमाळ स्टुडिओची मालिका लागायच्या आधी पडद्यावर त्यांचा लोगो यायचा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या लोगोत हिरव्या लुगड्यातली एक बाई दिवा घेऊन पाठमोरी डोंगराच्या पायऱ्या चढायची. पायऱ्या भाज्याच्या लेण्यांच्या आणि लुगडं नंदाबाईचं. तेव्हापासून ही सोपानची बायको गावाची 'दिव्याची बाई' झाली. हळदीकुंकवात पहिली ओटी तिची, नवी सून आली की ओवाळायचा मान तिचा. सीतारामचं म्हणणं एवढंच, "कुटल्या बाईचा डावा खांदा असा पडलेला अस्तो रं? पोतं घेतल्यागत चालतीय ती."

सीतारामचं खरं होतं, हीच तर पंचाईत.

शूटिंगसाठी निवडलं होतं नंदाबाईलाच, पण आदल्या दिवशी तिला विंचू चावला, पाय टम्म सुजला. शूटिंगवाले म्हणाले, मग दुसरं गाव बघतो. तेव्हा तिनंच ठेवणीतलं लुगडं काढलं आणि नवऱ्याला नेसवलं. "पाटमोरंच तर चालायचंय. जावा!" सोपान चालला. वर पोचल्यावर त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, गर्रकन वळला आणि मिशीला पीळ देऊन हसला. तेवढं स्टुडिओनं कापलं. उरलेलं टीव्हीवर लागलं, गावानं लुगड्याचे काठ ओळखले आणि नंदाबाईला डोक्यावर घेतलं. खरं काय ते उद्या सांगू म्हणता म्हणता राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सीताराम मोबाईल नाचवत दारात हजर. "सोप्या, रैवारी दुपारी दीपमाळचा पंचवीस वर्सांचा कार्यक्रम हाय. सगळे जुने लोगो दावणार. आन् हे आईक, आजवर न दाखवलेलं चित्रीकरण!"

तो गेल्यावर नंदाबाईनं हळूच विचारलं, "अवं, तुमी वळला व्हता न्हवं?"

"व्हय."

"मिशीसकट?"

"मग काय मिशी खुंटीला टांगून गेलतो?"

ती हसली नाही. सोपानही अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला.

रविवारी सीतारामच्या पडवीत निम्मी आळी जमली. पडद्यावर एकेक लोगो यायला लागला. आधी दिवा घेतलेली बाई. मग काही वर्षांनी नुसता दिवा धरलेला हात. मग नुसती ज्योत. आणि हल्ली कोपऱ्यात एक पिवळा ठिपका. बाई झिजत झिजत ठिपक्याएवढी झाली होती.

"आता बगा!" सीताराम सरसावला.

पुन्हा पायऱ्या. हिरवं लुगडं चढतंय. शेवटची पायरी. पाऊल थांबलं. खांदा वळायला लागला. सोपाननं डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. चित्र तिथंच तोडलं होतं. त्यानं श्वास सोडला, तोच सूत्रसंचालकानं रेशमी साडीतल्या एका वयस्क नटीला पुढं आणलं. "आणि ह्या त्या, आपल्या पहिल्या लोगोतल्या!"

"वारा इतका होता," नटी लाजत म्हणाली, "दिवा सारखा विझत होता हो."

एकदाही विझला नव्हता! सोपान अर्धा उठला. पण मागून कुणीतरी म्हणालं, "पंचवीस वर्सं ओट्या घेतल्या की हिनं!" नंदाबाईची मान खाली गेली. शेजारची सविता वीतभर सरकून बसली.

सोपाननं उघडलेलं तोंड मिटलं. खरं सांगितलं तरी खोटी ठरणार ती नंदाच.

"हारलो," तो म्हणाला.

दिवेलागणीला स्टेशनच्या रस्त्यावर हीऽ गर्दी. लेणी बघून परतणारे पर्यटकसुद्धा मोबाईल काढून उभे. सीताराम पुढं उलटा चालत ओरडत होता, "सरा, सरा! दिव्याची बाई आली!"

सोपान हिरव्या लुगड्यात, डोक्यावरून पदर, हातात दिवा. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. कामशेतच्या भातगिरणीत सारा जन्म पोती वाहिलेला गडी. डावा खांदा पडलेला, उजवी टाच जरा उचललेली, पाऊल मात्र ठाम. तो सीतारामला ओलांडून पुढं गेला. आता गर्दीला त्याची नुसती पाठ दिसत होती.

आधी शिट्ट्या थांबल्या. मग हसणं. सीतारामचा मोबाईल हळूहळू खाली आला.

"आयला, सोप्या," तो पुटपुटला, "तूच व्हय रं?"

सोपान थांबला. गर्दीतून नंदाबाई पुढं आली. गावासमोर तिनं त्याचा खांद्यावरून घसरलेला पदर उचलला आणि कमरेला घट्ट खोचला.

"नीट घ्या," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तवा बी असाच सुटला व्हता."

सीताराम घसा खाकरत म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मर्दा. फिटली पैज."

"स्टेशनापोत्तर ठरलंय," सोपान म्हणाला.

वारा सुटला होता. नंदाबाईनं ज्योतीला तळहाताचा आडोसा धरला आणि ती त्याच्या बाजूनं चालायला लागली.