छापण्याजोगे गुरुजी

आमच्या निमगाव सावाचे धर्माजी गुरुजी मरण मानत नव्हते. देव न मानणारी माणसं गावोगाव असतात, लोक त्यांना चालवून घेतात. पण मरण न मानणारा मास्तर घेऊन करायचं काय? गुरुजींचं म्हणणं सरळ होतं. मंचरच्या शीतगृहात बटाट्याचं बियाणं महिनोन् महिने पडून राहतं आणि मातीत गेलं की फुटतं. मग माणूसही थंडीत जपून ठेवावा. पुढंमागं विज्ञान मरणावर औषध काढेल, तेव्हा उठवावा. परदेशात हे सुरू झालंय, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

नुसतं बोलून थांबले असते तरी ठीक. आमच्याकडं दशक्रियेला नदीकाठी माईक असतो, गावातले-तालुक्यातले लोक श्रद्धांजलीची भाषणं करतात. गुरुजी तिथं उठायचे आणि घरच्यांना तोंडावर म्हणायचे, "तुमी जाळायची घाई केली." शेवटी त्यांच्या हाती माईक देणंच बंद झालं. त्यांची एकुलती एक मुलगी इंद्रायणी नऊ वर्षांची असताना तापानं गेली होती. सकाळी गेली, दुपारी जाळली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी त्यांच्या अंगावर गेलं नाही, एवढंच.

मी तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, आळेफाट्यावरून पुण्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. गुरुजींचाच विद्यार्थी. एक दिवस ते शंभर पानी वही घेऊन आले.

"सोपान, येवढं छापून आण. लोकं हसत्यात त्याचं काय नाय. पण हा विचार माझ्याबरोबर जायला नको."

'जायला' म्हटल्याचं त्यांच्याच ध्यानात आलं आणि आम्ही दोघंही हसलो.

वहीतला मजकूर मी दोनदा पाठवला. दुसऱ्यांदा उपसंपादकांचा फोन आला, "अहो, थट्टा करताय का?" मग मी डोकं चालवलं. मी मोठा शहाणा ना! मजकुरातून मढं काढलं, बर्फ काढला, इंद्रायणी काढली. उरले सत्तरीतले ताठ कण्याचे गुरुजी, पहाटेचं चालणं, बाजरीची भाकरी आणि 'मनात आणलं तर माणूस शंभरी गाठतो' हे वाक्य.

"गुरुजी, आधी दार तर उघडू द्या, मग वही आत नेऊ," मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडं पाहिलं. मग टोपी नीट केली आणि फोटोला उभे राहिले.

रविवारी चार कॉलम बातमी आली. आळ्याहून माणसं भाकरीचं विचारायला आली, शाळांनी हार घातले, केबलवाल्यानं मुलाखत घेतली. ज्या वाक्याला टाळ्या पडत ते गुरुजी पुढच्या वेळी आधी म्हणत. ज्याला लोक चुळबुळत ते गाळत. वही आत न्यायची वेळ काही आली नाही. मीही आठवण केली नाही, कारण माझंही नाव होत होतं.

दोन वर्षांनी पिंपरी पेंढारला मोटारसायकलच्या अपघातात गेलेल्या एका तरुणाची दशक्रिया होती. गुरुजींना खास बोलावणं होतं. त्यांनी माईक घेतला तेव्हा मला वाटलं, आता 'जाळायची घाई' निघणार. पण ते अगदी शांतपणे म्हणाले, "जन्माला आला तो जाणार. चांगली माणसं देवाला लवकर लागतात." लोकांनी माना डोलावल्या. मी वाक्य टिपून घेतलं. बातमीत झकास बसणार होतं.

निघताना गुरुजींच्या बायकोनं, कुशाबाई काकूंनी, मला गाडीपाशी गाठलं.

"सोपाना, तुज्यामुळं लोकं ह्यांच्या पाया पडाय लागली. मला बरं वाटाय पायजे."

"वाटत नाय का काकू?"

"पंचवीस वरसं रोज जेवताना ह्ये म्हनायचे, इंदीला ठेवाय पायजे व्हतं, कुटं बी, कसं बी. मी म्हनायची, येडं हाय ह्ये मानूस. पर ताट सारून ऐकत बसायची. आता म्हनत्यात, गेलं ते गेलं, जेव तू."

डोळे कोरडे होते त्यांचे. गाडीच्या हँडलवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "माजी इंदी औंदा मेली, सोपाना."