मंडळाचा अध्यक्ष

"बंधूंनो, आज या क्षणापासून कारंज्याच्या सांस्कृतिक जीवनात सुवर्णयुगाचा आरंभ होत आहे!" असं म्हणून रामकिसन आडत्यानं उजवा हात उंच केला. माडी ठेंगणी होती. हात आढ्याला लागला आणि सुवर्णयुगाचा आरंभ बोट चोखण्यानं झाला.

तेवढ्यात खालून तय्यबचा आवाज आला. "भजे पाह्यजेत का कोणाले? कढई उतरून राह्यलो मी!"

बसलेल्या सगळ्यांनी एकमतानं हात वर केले. मंडळाचा हा पहिला ठराव. पुढे एकमतानं असं फारसं काही झालं नाही.

कापूसबाजाराच्या तोंडाशी तय्यबचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक भट्टी, चार बाकडी आणि बशीतून फुर्र करून चहा पिणारी माणसं. आडते, दलाल, मापारी, सगळ्यांची उठबस तिथंच. त्यांनाच एके दिवशी वाटलं, की अमरावतीला क्लब आहेत, अकोल्याला मंडळं आहेत, मग आपल्या गावानं काय पाप केलं? तय्यबनं माडी झाडून दिली, बुलढाण्याहून कोणीतरी पेटी आणतो म्हणालं, आणि सैफुद्दीनभाई लोखंडवाल्यांनी आपल्या दुकानातली हातांची खुर्ची पाठवली. अध्यक्षासाठी.

त्या खुर्चीवर रामकिसनचा जीव जडला होता, आणि त्याला कारण होतं. तुळसाबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ अमरावतीच्या एका व्यायामशाळेचा अध्यक्ष होता. स्वतः जोर मारायचा नाही, पण अध्यक्ष होता. सासुरवाडीच्या प्रत्येक कार्यात त्याला खुर्ची मिळे आणि घरचा जावई रामकिसन सतरंजीच्या कडेला, चपलांच्या शेजारी. आता अमरावतीला तुळसाबाईच्या भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं.

"यंदा तुमी खालती बसले, तं मी लग्नालेच येत नाई," तुळसाबाईनं बजावलं होतं. एवढ्यावर न थांबता तिनं एसटीनं जाणाऱ्या एका बाईसोबत माहेरी निरोपही धाडला, की आमचे हे अध्यक्ष झाले. निवडणूक व्हायची होती, पण तो तपशील.

अडचण एकच. खुर्ची देणाऱ्या सैफुद्दीनभाईंचंही नाव कोणीतरी सुचवलं, आणि ते लाजून "नको नको" म्हणाले, पण उठून गेले नाहीत.

आता मत द्यायचं कसं? दोघंही समोर बसलेले. उद्या सकाळी दोघांचीही तोंडं बघायची.

"कायले डोकं खाजवता बे?" प्रेमसिंग दलाल म्हणाला. "आपली पद्धत हाये ना. रुमालाखाली!"

कारंज्याच्या बाजारात कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, समोरच्यानं बोटं दाबून नाही म्हणायचं. जमलं की तळहातावर टाळी. टाळी पडली, की माल गेला. उघड बोली लावा म्हणून वरून किती सांगून झालं, पण हातांना सांगणार कोण?

ठरलं असं: रुमालाखाली हात तय्यबचा. कारण तो दलाल नाही आणि उभा नाही. त्याचं एक बोट धरलं तर मत रामकिसनला, अख्खा पंजा धरला तर सैफुद्दीनभाईंना.

पहिला प्रेमसिंग गेला. त्यानं तय्यबचं बोट धरलं. तय्यबला गुदगुल्या झाल्या, त्यानं हात मागं घेतला. तीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसासाठी हात मागं घेणं म्हणजे भाव पडला. प्रेमसिंगनं दोन बोटं धरली. तय्यब खिदळला. प्रेमसिंगनं तीन धरली. चेहरा मात्र असा, जणू शेजारच्या गावात कोणी वारलं आहे.

पुढच्यानं पाहिलं, प्रेमसिंगला एवढा वेळ लागला म्हणजे आत काहीतरी चाललंय. तो आणखी चढून गेला. त्याच्यामागचा त्याहून. खाली चुलीवर चहा कढून काढा झाला, तरी मतदान सरेना.

रामकिसन एकेकाचं तोंड न्याहाळत होता. पण दलालांच्या तोंडावरून काही कळत असतं, तर बाजार कधीच बुडाला असता.

मग त्याची पाळी आली. एक बोट, फक्त एक बोट, असं घोकत त्यानं रुमालाखाली हात घातला आणि बोट धरलं. तय्यबनं अंग चोरलं. रामकिसनच्या डोक्यातून मंडळ गेलं, सासुरवाडी गेली, समोर फक्त एक अडून बसलेलं गिऱ्हाईक राहिलं. त्यानं अख्खा पंजा पकडला, दाबला, आणि सुटकेचा श्वास सोडून वर टाळी दिली. हात बाहेर काढल्यावर त्याला कळलं, की आपण सैफुद्दीनला मत देऊन बसलो.

"बोल तय्यबभाई, कोन आलं?" प्रेमसिंगनं विचारलं.

"मले काय मालूम? कोनी दोन बोटं धरली, कोनी चार, मंग पंजा," तय्यब डोळे पुसत म्हणाला. "पन शेवटी टाळी मातर सगळ्याईनं देल्ली."

रामकिसन पुढं सरकला.

"सगळ्याईनं?"

"सगळ्याईनं. सैफुद्दीनभाईनं तं दोनदा."

सैफुद्दीनभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "एकदा सवयीनं. दुसऱ्यांदा खात्री करून घ्याले."

"मंग झालं," प्रेमसिंग उभा राहिला. "ज्याच्या हातावर टाळी, माल त्याचा. अध्यक्षपद तय्यबले गेलं."

"अरे पन हे इलेक्शन होतं! काही कापूस नोयता!" रामकिसन ओरडला. "फिरून घ्या!"

"टाळी फिरवता शेठ?" प्रेमसिंग हळूच म्हणाला. "फिरवा. मंग उद्या बाजारात तुमच्या रुमालाखाली हात कोन घालीन?"

रामकिसन खाली बसला. डोळ्यांसमोर मेहुणा, सतरंजी आणि चपलांची ओळ. पण टाळी ती टाळी. तो उठला, तय्यबला हाताला धरून त्यानंच खुर्चीपर्यंत नेलं, आणि घसा खाकरून म्हणाला, "बसा, तय्यबभाई."

तय्यब बसला. लगेच उडून उभा राहिला.

"दूध उतू गेलं वाट्टे! मले नाई बसता येत दिवसभर, हॉटेल कोन पाहीन? रामकिसन शेठ, माल माहा हाये ना? मंग मी तुमाले देल्ला. घ्या!" असं म्हणून रुमालबिमाल न घेता त्यानं रामकिसनच्या हातावर उघड टाळी ठोकली आणि जिना उतरून गेला.

कोणाला हरकत घेता येईना. सौदा बाजाराच्या रीतीनं झाला होता.

रामकिसन खुर्चीत बसला. दोन्ही हात तिच्या हातांवर टेकले. खुर्ची त्याच्या मापाचीच निघाली. अमरावतीचा मांडव त्याला दिसू लागला, आणि त्या मांडवात, सतरंजीच्या कडेला, मेहुणा. त्यानं मान ताठ केली, सभेकडे नजर फिरवली, अध्यक्षीय भाषणासाठी श्वास भरला.

जिन्यावर पावलं वाजली. तय्यब परत आला होता.

"अध्यक्षसाहेब," त्यानं अदबीनं हाक मारली.

या नावानं त्याला हाक मारणारा तो पहिलाच. रामकिसननं सावकाश, पदाला शोभेल अशा बेतानं मान वळवली.

"बोला."

"पाय जरा वर घेता का? झाडू माराचा हाये."