डोकं कुणाचं तापलंय?

नवऱ्याचं डोकं पटकन तापतं, ही माझी सासूबाईंकडे रोजची तक्रार. त्यामुळे कपाळाला न टेकवता ताप मोजणारी बंदूक घरात आली, तेव्हा मला एकच कुतूहल वाटलं: हा चिडला की आकडा कितीवर जातो?

पलंगावरच्या ओल्या टॉवेलवरून आमची जुंपली. तो तावातावाने बोलत असतानाच मी त्याच्या भुवयांच्या वर नेम धरला. पीं! अठ्ठ्याण्णव.

"बिघडलीय मेली," म्हणत मी ती स्वतःवर रोखली. एकशे दोन.

त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला. आवाज लगेच खाली आला. "तरीच सकाळपासून डाफरतेयस. झोप आधी."

"आईंना सांगू नकोस," मी पुटपुटले.

"तुझ्या तापाचं?"

"नाही रे. तुझ्या अठ्ठ्याण्णवचं."