खिरीच्या पातेल्यातलं लाकूड

बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा मान इथं अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, माझा आहे. मला तो कुणी दिला नाही, मी घेतला. पहिल्या वर्षी मुलाकडे आले तेव्हा आमचे लोक सणाला जमतात त्या हॉलवर आमच्यातल्याच प्रीतानं डब्यातल्या आटवलेल्या दुधाची खीर आणली होती. एक घास घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरी, ही खीर नाही, खोकल्याचं औषध आहे." तेव्हापासून खीर माझी.

आणि ती माझ्याच पातेल्यातून जाते. नागपूरहून पापडांनी भरून विमानातून आणलेलं पितळी पातेलं, आतून कल्हई केलेलं. काठाखाली मशीननं कोरलेलं नाव: रमाबाई सुभाष गजभिये. आमच्या ह्यांनी घालून घेतलं होतं. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली, जोडाक्षरं आली की अजून अडखळते, पण एवढं नाव बोट फिरवूनसुद्धा वाचीन. हॉलवर टेबलावर ठेवताना मी नावाची बाजू लोकांकडे करते. आपण केलं ते आपलं म्हणून दिसलं पाहिजे.

तर पौर्णिमेच्या आठवड्यात सकाळी खाली आले, तर स्वयंपाकघरात कोळीवाड्यासारखा वास. गॅसवर माझं पातेलं. त्यात एक काळपट, वाकडंतिकडं खोड. आणि खोडाच्या डोक्यावर माझा वरवंटा.

"कुशल! काय शिजवतोयस?"

"लाकूड." मुलगा शांतपणे म्हणाला. भात म्हणावं तसं.

"डोक्यावर पडलास का?"

"ड्रिफ्टवूड आहे आई. समुद्रावर वाहून आलेलं. दीक्षानं शोधलं, तिच्या फिशटँकसाठी. त्यात मीठ मुरलेलं असतं, तसंच टाकलं तर आपले गोड्या पाण्यातले मासे मरतील. म्हणून उकळायचं, पाणी फेकायचं, परत उकळायचं. आणि अजून तरंगतंय ना, पाणी पिऊन जड झालं पाहिजे, म्हणून वर दगड ठेवला."

"तो दगड नाही, माझा वरवंटा आहे."

"तेच ते."

"तेच ते कसं? आणि घरात एवढी भांडी असताना माझंच पातेलं सापडलं?"

"दुसऱ्या कशात मावतच नाही यार आई. गॅरेजमध्ये नुसतंच पडलं होतं."

"यार तुझा ऑफिसात. मी आई आहे. आणि ते पडलं नव्हतं, ठेवलं होतं."

मी तेव्हाच ते खोड उचलून अंगणात भिरकावणार होते. पण माझी नात दीक्षा जिन्यावर बसली होती, शाळेचा डबा मांडीवर घेऊन. "प्लीज आजी. माय फिश इज सो स्केअर्ड. त्याला लपायला काहीच नाही." नवा आणलेला तिचा निळा मासा खरंच काचेच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. नव्या जागी माणसाचंही तसंच होतं, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "शनिवारी सकाळी पातेलं मला परत पाहिजे. रविवारी हॉलवर खीर आहे."

"डन," कुशल म्हणाला. इथं सगळे डन म्हणतात. डन काही होत नाही.

ते लाकूड काही केल्या रंग सोडायचं थांबेना. एकदा उकळलं की पाणी कोऱ्या चहासारखं. फेकून नवं भरलं, परत चहा. वरवंटा काढला की खोड हसत वर. आमटी मागच्या छोट्या शेगडीवर, पोळ्या त्याच्या शेजारी अंग चोरून, सून ऑफिसातून आली की नाकाला ओढणी. वाटण घालावं तर वरवंटा लाकडाच्या डोक्यावर. सगळा स्वयंपाक त्या खोडाच्या मर्जीनं.

एक मात्र बरं वाटलं. रोज संध्याकाळी पाणी बदलताना कुशल पातेलं स्वतः घासायचा. "आई, तू हात लावू नकोस, मी करतो." खरडखरड आवाज वरपर्यंत यायचा. मला वाटलं, चला, लाज तरी आहे.

शुक्रवारी बघितलं तर पाणी अजून तसंच तपकिरी. म्हटलं, ह्याच्या भरवशावर राहिले तर खीर दिवाळीला होईल. कुठलाही मळ, डाग, कीट, चिंचेपुढे टिकत नाही. घरात कुणी नव्हतं. चांगली मूठभर चिंच कोळून पातेल्यात ओतली आणि गॅस मोठा केला. लाकडानं रंग काय, मीठ काय, पोटातलं सगळं ओकलं पाहिजे असा माझा हिशेब.

कुशल आल्यावर दोघांनी मिळून पाणी मोरीत ओतलं. सिंक म्हणतात इथं. पाण्याला हिरवी झाक होती. मी आत डोकावले. पातेल्याचा तळ पिवळाधमक झालेला. कल्हई नाही. कडेनं चार पांढुरके ओघळ तेवढे शिल्लक.

"कशानं घासत होतास रे?"

त्यानं सिंकखालून तारेची घासणी काढून दाखवली. नुसती घासणी नाही, बार्बेक्यूची जाळी खरवडायची. "तो तपकिरी थर बसायचा ना कडेला. मला वाटलं, ते पांढरं पण डागच आहे."

"डाग? अरे ती कल्हई होती! त्याशिवाय ह्यात खीर केली तर कळकेल. माणसं हॉलवरून थेट दवाखान्यात जातील. आता कल्हईवाला काय तुझ्या ॲपवर मागवू?"

"सॉरी आई. पण एक मिनिट, ते पाणी हिरवं का होतं? वास कसला येतोय?"

"चिंचेचा."

"चिंच टाकलीस? उघड्या पितळेत?"

"उघडं मी केलं का?"

त्यानं फोनवर काहीतरी वाचलं आणि लाकडाकडे बघत बसला. "पितळेतलं तांबं उतरलं असणार. लाकडानं ते पिलं असेल. आता हे टँकमध्ये टाकता येणार नाही. रिस्क नको."

म्हणजे पातेलं गेलं आणि लाकूडही गेलं. मग आम्ही दोघं भांडलो, मनसोक्त. तो म्हणाला, "विचारायचं तरी." मी म्हटलं, "तू विचारलंस?" सून मध्ये पडली, तर दोघांनी तिलाच गप्प केलं. दीक्षा रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. "इट्स ओके आजी" म्हणाली आणि वर निघून गेली. त्यापेक्षा भोकाड पसरलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

राहिली खीर. तेवढं मोठं पातेलं आमच्या लोकांत आणखी एकीकडेच होतं, प्रीताकडे. मी फोनकडे बघितलं, फोननं माझ्याकडे. शेवटी लावला.

"जय भीम काकू! बोला."

"जय भीम. तुझं मोठं पातेलं रिकामं आहे का?"

"आहे ना. काय झालं? काकू, दगदग होत असेल तर ह्या वर्षी मी करू का खीर?"

"पातेलं मागतेय, खीर नाही."

ती हसली. शनिवारी सकाळी स्वतः आणून दिलं. स्टीलचं, लखलखीत. आणि पोटावर, माझ्यापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत, कोरलेलं: चि. सौ. कां. प्रीता हिस मामांकडून सप्रेम भेट.

खीर माझ्यासारखीच झाली. तांदूळ भिजवून भरड वाटलेले, दूध आटवून गुलाबी, वेलदोडा नावापुरता. हॉलवर निघताना पातेल्याभोवती मी जाड पंचा गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. कुशलनं वरून आणखी एक गाठ मारली. शहाणा झाला होता.

वंदना झाली. जेवणाची रांग लागली. मी नीट साडी सावरून टेबलापाशी येते, तोवर वाढायला उभ्या राहिलेल्या राजाराम भाऊंनी पातेलं भिंतीकडून पुढे ओढलं. गरम लागलं म्हणून पंचाच सोडला आणि तो हाताला घेऊन पातेल्याचा काठ धरला. मामांकडून सप्रेम भेट सगळ्या हॉलसमोर.

"वा प्रीता! ह्या वर्षी खीर तुझी वाटतं?" राजाराम भाऊंनी घास घेतला. "अगं, काय सुधारलीस तू!"

मागून आणखी कुणी, "रेसिपी दे हं प्रीताताई."

प्रीता लाल झाली. "अहो माझी नाही, काकूंची आहे."

"बघा, किती विनय!"

आता ह्याला काय म्हणावं? ती खरं बोलतेय तर लोक तिचंच कौतुक करतायत. मी राजाराम भाऊंच्या हातून डाव घेतला आणि पातेल्यामागे उभी राहिले. एकेकाच्या वाटीत वाढत गेले आणि एकेकाला सांगत गेले, "रमाबाईची खीर. भांडं उसनं आहे." काही हसले, काहींना वाटलं म्हातारी चळली. वाटू दे. घसा बसला, तरी रांग संपेपर्यंत एकालाही सोडलं नाही. प्रीता शेवटी आली, वाटी पुढे केली आणि स्वतःच म्हणाली, "रमाबाईची खीर." मी तिला डावभर जास्त वाढली. खोकल्याचं औषध म्हटलं होतं ते काही परत घेतलं नाही.

दीक्षा वाटी चाटत शेजारी उभी होती. "आजी, ते लाकूड पप्पांनी फेकलं नाही, डेकवर वाळतंय. माशाला नाही चालणार, आय नो. पण ते फेकायचं नाही मला. तुझ्या त्या पातेल्यात ठेवू? पाणी नाही, नुसतं उभं. टँकच्या बाजूला. मग त्याला काचेतून दिसेल."

कल्हई इथं होणार नाही, नागपूरला मी पुढच्या वर्षी जाणार. तोवर ते पातेलं गॅरेजात पडूनच राहणार होतं. पडून म्हणजे, ठेवून.

"ठेव," मी म्हटलं. "पण नाव भिंतीकडे करू नकोस. लोकांकडे कर."