चार बोटे माती

खड्ड्यातून काढलेली माती त्याच खड्ड्यात परत भरली, तरी खड्डा चार बोटे रिकामा राहिला.

कुंडलिकने पितळी फूटपट्टी पुन्हा उभी धरली. तीन इंच. पट्टीला मुरमाचा एक लाल खडा चिकटला होता; तो त्याने नखाने काढून खड्ड्यात टाकला, आणि टाकल्यावर आपण तो कशासाठी टाकला हे लक्षात येऊन त्याला स्वतःची थोडी लाज वाटली.

"जागा भुकेली हाय, मास्तर," कुदळीवर हनुवटी टेकून चिमाजी म्हणाला. "माती खाल्ली तिनं."

"जमीन माती खात नाही, चिमाजी."

"मग गेली कुठं? तुमी शिकल्यालं, तुमीच सांगा. आमच्या चुलत्यानं आसल्याच जागंत घर बांधलं. वरसात बायकू गेली, बैल गेला." तो जरा थांबला. "बैल लई गुणाचा व्हता."

खणलेली माती फुगते. घट्ट बसलेले कण सुटे होतात, त्यांच्यामध्ये हवा शिरते, आणि चार घमेली जमीन खणली की पाच घमेली माती निघते. हे भोरच्या शाळेत तो दरवर्षी मुलांना काचेच्या नळीत वाळू ओतून दाखवत असे. म्हणजे ही माती खड्ड्याच्या वर यायला हवी होती. ती खाली राहिली होती. तीही सलग दुसऱ्या खड्ड्यात... चूक मापात नव्हती, पट्टीत नव्हती, त्याच्यातही नव्हती.

रीत घरची होती. हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खणायचे, हळदकुंकू वाहायचे, काढलेली माती रात्रभर काठावर उघडी ठेवायची आणि सकाळी परत भरायची. उरली तर जागा घर मागते. कमी पडली तर घर खाते. असे तीन वेळा. त्याने ही परीक्षा मान्य केली ती आईसाठी, आणि निकाल आधीपासून ठाऊक होता म्हणून. निसर्गनियम आईच्या, धोंडाबाईच्या, रिवाजाच्या बाजूने साक्ष देणार होता—या योगायोगाचा त्याला, खरे तर, आनंदच झाला होता.

कालच आईने चुलीपुढून मागे न वळता सांगितले होते, "तिन्ही येळा कमीच पडली, तर त्यो तुकडा सावळाला दे आन् गप ऱ्हा. म्या त्या घरात पाऊल टाकायची न्हाई."

सावळाराम, थोरला. वाटणीत त्याच्याकडे उत्रोलीच्या सपाटीवरची भातखाचरे गेली आणि विहिरीसकट राहते घर गेले. कुंडलिककडे आला हा टेकाडाचा उतार, ज्यावर नाचणीसुद्धा नाखुशीने येते. 'तू नोकरदार, तुला शेत काय करायचं,' असे पंच म्हणाले होते आणि तो हसला होता. नऊ वर्षे तो भावाच्या पडवीत, भावाच्या छपराखाली हसत राहिला. या नऊ वर्षांत त्याने उताराचा कोन मोजला, पावसाच्या पाण्याला वळण देणारे चर आखले, माती धरणाऱ्या तालीचा पाया किती रुंद हवा याचे गणित केले, वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो याची वहीत नोंद ठेवली. कठीण जागा होती; पण अशक्य नव्हती. कठीण जागेवर नीट उभे राहिलेले घर खाली सपाटीवरून रोज दिसले असते. सावळारामला, पंचांना, सगळ्यांना. हे कारण वहीत नव्हते.

चिमाजी गेल्यावर त्याने स्वतः, परीक्षेबाहेरचा, आणखी एक खड्डा खणला, पहिल्यापासून दोन पावलांवर, आणि लगेच भरला. माती चार बोटे वर आली. त्याने पहारीने सभोवतालची जमीन ठोकून पाहिली. पोकळ आवाज कुठेच नव्हता. वारा पडलेला होता. मार्गशीर्षातले दव माती जड करते, कमी करत नाही. दोन्ही प्रयोगांत फरक एकच होता, मधल्या रात्रीचा. सुमारे दीड घनफूट माती, म्हणजे दोन पाट्या, काठावरून निघून जात होती. मातीला पाय नसतात.

सावळारामच असणार. हा विचार इतक्या सहज आला की तो किती वर्षे आत तयार बसला होता, ते कुंडलिकला त्याच क्षणी कळले. त्या संध्याकाळी आईच्या देखत परीक्षेचा तिसरा, शेवटचा खड्डा खणला, आणि पहाटे उजाडता उजाडता तो करंजाच्या झाडाआड जाऊन उभा राहिला. थंडीत, हाताची घडी घालून, भावाला काय बोलायचे याची वाक्ये जुळवत... वाक्ये चांगली जुळत होती. नऊ वर्षांची होती.

उतारावरून पाटी घेऊन वर आली ती बाई होती. तिने माती हातांनीच ओढून पाटीत भरली, गुडघ्यावर पाटी घेतली, एका हिसक्यात डोक्यावर चढवली. ती वळली तेव्हा मान हलली नाही. वेल्ह्याच्या डोंगरातल्या बायका अशा चालतात. त्याची बायको चंद्राबाईच होती ती; सतरा वर्षांपूर्वी ती अशीच चालत त्याच्या घरी आली होती. तिच्या टाळूवर तेव्हा रुपयाएवढी केस नसलेली जागा होती. चाई समजून त्याने पुण्याहून मलम आणले होते आणि ती ते मुकाट्याने लावत असे. सहा महिन्यांनी केस आले. मलमाचा गुण, असे त्याने मित्राला लिहिले होते. उत्रोलीच्या घरात विहीर अंगणात होती, डोक्यावर हंडा चढत नव्हता, हे त्या पत्रात नव्हते.

"थांब," तो म्हणाला.

ती थांबली. पाटी खाली ठेवली नाही.

"तू हे मानतेस? जागा भुकेली वगैरे?"

"न्हाई."

"मीही मानत नाही."

"आत्याबाई मानत्यात. तुमी आईचं ऐकता."

खाली उत्रोलीत कोणीतरी रहाट ओढत होते.

"पाणी कोण आणनार वर?" ती म्हणाली.

"ओढा आहे ना. दोनशे दहा फुटांवर. मी मोजलंय."

"खाली हाय त्यो. पाडव्यानंतर आटतु. मग झिरा खणायचा, वाटीवाटीनं हंडा भरायचा, आन् चढायचं. रोजच्या किती खेपा, त्या बी मोजा की. तुमास्नी येतं मोजायला."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं व्हतं, चुलीम्होरं खिडकी कंच्या अंगाला पायजे." तिने पदराने मानेवरची माती झटकली. "ती सांगितली म्या."

ती उतरून गेली. त्याने तिला अडवले नाही, आणि दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हाही तो तिथेच होता. तिने त्याच्याकडे न पाहता पाटी भरली.

राग शोधला तर सापडत नव्हता. भावासाठी जुळवलेली वाक्ये तोंडात तशीच होती, आणि ती आता कोणालाच लागू पडत नव्हती. फसवणुकीचे दुःख असायला हवे होते. त्या जागी एक कोरडी, अपमानासारखी गोष्ट होती, आणि अपमान करणारे माणूस समोर दिसत नव्हते. उजेड वाढला. थोड्या वेळाने चिमाजी येईल, आई काठी टेकत येईल, माती भरली जाईल, चार बोटे कमी पडेल. आपण 'जमीन माती खात नाही' असे म्हणू शकू. मग कोण खाते, तेही सांगावे लागेल. किंवा गप्प राहता येईल. यांतले काय करणार, हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक नसणे त्याच्या सवयीचे नव्हते.

त्याने वही उघडली आणि नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिले: माती कमी पडण्याचे कारण, दोन पाट्या माती चंद्राबाईने नेली. नेण्याचे कारण, या घरात तिच्या नकारापेक्षा मातीच्या नकाराला जास्त वजन आहे, हे तिने बरोबर ताडले होते.