तोमा पाचवीत गेला

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून सदतीस मिनिटांनी तोमा म्हणाला, "मी तोमा, आता पाचवीत गेलो."

तोमा हा एका जपानी कार्टून मालिकेतला मुलगा. 'छत्रीवाल्यांचा तोमा' या नावाने ती मराठीत अकरा वर्षांपासून आठवड्यातून दोनदा लागते. जपानमध्ये ती चौतीस वर्षं चालू आहे. या सगळ्या काळात तोमा चौथी ब मध्ये आहे. त्याचा बाप रोज सकाळी छत्रीदुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करतो, ते अर्ध्यावर अडकून त्याच्या डोक्यात बसतं आणि तो म्हणतो, "उद्या नक्की तेल घालतो." शेजारच्या सुमिरेबाई पुढच्या आठवड्यात गाव सोडून जाणार असतात. तोमाला वर्गातल्या हानाला काहीतरी सांगायचं असतं. "हाना, तुला एक सांगायचंय" एवढं म्हणाला की त्याला शिंक येते आणि भाग संपतो. पुढच्या भागात शटर पुन्हा अडकतं.

या मालिकेचे मराठी संवाद महेजबीन शेख लिहिते. वय चव्वेचाळीस. शुक्रवार पेठेत पहिल्या मजल्यावर घर. नवरा उमर, त्याचं सात रस्ता चौकात गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. मुलगी झीनत बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला.

तोमा पाचवीत गेला तेव्हा महेजबीन स्वयंपाकघरात कांदे चिरत होती. घरातला टीव्ही बंद होता. ती मालिका तिने लागताना बघणं कधीच सोडून दिलं होतं. पाच एक्केचाळीसला मुंबईच्या स्टुडिओतून सिद्धांत कांबळेचा फोन आला. सिद्धांत मूळचा वैराग गावचा. मराठी भागांची सगळी जुळवाजुळव तोच बघतो.

"ताई, टीव्ही लावलाय का?"

"नाही. का?"

"तोमा पाचवीत गेला की वो."

"कोण म्हणालं?"

"तोमाच म्हणाला! आत्ता, माझ्यासमोर. पाचवीत गेलो म्हणाला आन् जाऊन त्याच वर्गात त्याच बाकावर बसला. बाई बी त्याच. लई घोळ झालाय. स्क्रिप्टमधी बघा जरा."

महेजबीनने हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. भाग एक हजार एकशे सव्वीस. सातव्या मिनिटाला, तोमाच्या ओळीसमोर तिने फक्त एक आकडा टाइप केलेला होता. ४१.

तो ४० असायला हवा होता.

ही पद्धत तिचीच. पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आलं होतं की भागागणिक बरीच वाक्यं तीच येतात. तिने त्यांची एक यादी केली, यादीला 'कायमची वाक्यं' असं नाव दिलं आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला. स्टुडिओने ती वाक्यं आवाज देणाऱ्या कलाकारांकडून एकदाच रेकॉर्ड करून घेतली. तेव्हापासून ती स्क्रिप्टमध्ये नुसता क्रमांक लिहिते आणि स्टुडिओतली मुलं त्या क्रमांकाचा आवाज उचलून जागेवर ठेवतात. कुणी वाचत नाही, कुणी ऐकत नाही. शटरचं वाक्य ७. सुमिरेबाईंचं २२. शिंकेआधीचं ५८. भाग ११२६ मध्ये एकूण एकशे अडुसष्ट संवाद होते. त्यातले एकशे एकोणीस नुसते आकडे होते.

४० म्हणजे "मी तोमा, चौथी ब." ते प्रत्येक भागात येतं.

४१ अकरा वर्षांत एकदाही आलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी, जूनच्या तोंडावर, ती कामाला नवीन असताना तिला वाटलं होतं की शाळा सुरू झाली म्हणजे तोमा पुढच्या वर्गात जाईल. तेव्हा झीनतही चौथी पास झाली होती. वाक्य लागणार म्हणून तिने ते आधीच लिहून ठेवलं. इतर वाक्यांबरोबर तेही रेकॉर्ड झालं. जूनमध्ये आलेल्या भागात तोमाने नवी पुस्तकं घेतली आणि तो चौथी ब मध्ये जाऊन बसला.

रात्री जेवताना तिने घरी सांगितलं. उमर आधी पाणी प्यायला.

"पास हो गया? मुबारक हो. मिठाई कायको नै लाए फिर?"

"अब्बू, नोकरी जाईल तिची," झीनत म्हणाली.

"जाती नै. गलती हुई बोलना, बस. मैं नै बोलता क्या, गिऱ्हाइकाला दुसरीच बॅटरी बसवली तर? गलती झाली, काढून देतो."

सकाळी दुकानाला निघताना जिन्यात थांबून तो म्हणाला, "जपानवालों को सलाम बोलना." हे तो अकरा वर्षं रोज म्हणतो. महेजबीन अकरा वर्षं रोज "हौ" म्हणते. ती आजही "हौ" म्हणाली.

बुधवारी दुपारपर्यंत वाहिनीच्या पानावर दोन हजारांवर प्रतिक्रिया आल्या होत्या. बहुतेक मुलांनी आईबापांच्या फोनवरून पाठवलेल्या. अक्कलकोटच्या चौथीतल्या एका मुलीने घरच्यांना पेढे आणायला लावले होते आणि पुड्यावर पेनाने 'तोमा पास' असं लिहून फोटो पाठवला होता. एका बापाने लिहिलं होतं की मी स्वतः चौथीत असताना हे हिंदीत बघत होतो, आता माझा मुलगा चौथीत आहे, चला, कुणीतरी पुढे गेलं. एका मुलाने विचारलं होतं, पाचवीत गेला तर बाई त्याच कशा.

जपानच्या मालकांना हे सायंकाळी कळलं. त्यांच्या करारात पात्रांचं वय, इयत्ता आणि नाती बदलता येत नाहीत असं कलम आहे. गुरुवारी सकाळी महेजबीनला एक फॉर्म आला. प्रकार कसा घडला ते लिहायचं होतं आणि खाली दोन चौकटी होत्या. अनवधानाने. हेतुपुरस्सर. दोन्हींपैकी एकीवर खूण करायची होती. मुदत शुक्रवारी दुपारी बारा. पहिल्या चौकटीवर खूण केली तर पुढचे सहा महिने तिचा प्रत्येक आकडा दुसरं कुणीतरी तपासणार होतं आणि काम चालू राहणार होतं. दुसऱ्या चौकटीवर खूण केली तर काम संपणार होतं. मालकांना सांगितलेलं खोटं निघालं तर स्टुडिओच्या हातून मालिकाच जाणार, असंही सिद्धांतने फोनवर सांगितलं.

"ताई, पयल्या चौकटीत टिक मारा आन् पाठवा. मी वर सांगितलंय, चूक हाय म्हणून."

"तुला कसं माहीत?"

"आवो, ओठ! ते वाक्य तोंडात बसत न्हाय. तोमाचं तोंड मिटतंय आन् 'गेलो' मागनं येतंय. तुमी मुद्दाम केलं असतं तर ओठ जुळवले असते की. तुमचं एक अक्षर बाहेर लोंबलेलं मी अकरा वर्षांत बघितलं न्हाय."

हा मुद्दा बरोबर होता. तिने तो भाग लावून पाहिला. तोंड मिटल्यावर पाव सेकंदाहून जास्त वेळ आवाज चालू होता. पहिल्या वर्षी लिहिलेलं वाक्य कुठल्याच प्रसंगासाठी मोजलेलं नव्हतं.

"राजश्रीताई काय म्हणाल्या?" तिने विचारलं. तोमाचा आवाज पहिल्यापासून राजश्री यांचा आहे.

"आदी म्हणाल्या, मी असं काय बोललेच न्हाय. मग ऐकवलं. दोनदा ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, आवाज माझाच हाय, पण आता असा निघायचा न्हाय. आन् गेल्या पुढच्या डबिंगला."

दुपारी झीनत कॉलेजातून आली. महेजबीन फॉर्म उघडून बसली होती.

"अम्मी, एक विचारू? मार्चमध्ये तू यादी साफ करतेस ना?"

"करते."

"वर्षभर न लागलेली वाक्यं काढून टाकतेस."

"हो."

"मग एक्केचाळीस अकरा मार्च कसं राहिलं?"

महेजबीनने जुन्या याद्या उघडल्या. तिने सगळ्या जपून ठेवल्या होत्या. पहिल्या यादीत तीनशे सहा वाक्यं होती, आताच्या यादीत दोनशे बारा. सुमिरेबाईंच्या भावाची वाक्यं गेली होती, कारण भाऊ पुन्हा आलाच नाही. बर्फाची तीन वाक्यं गेली होती. काढलेल्या वाक्यांचे क्रमांक रिकामे ठेवलेले होते. ३९ रिकामा होता. ४२ पासून ४६ रिकामे होते. मध्ये ४१ सगळ्याच याद्यांत होतं.

"राहिलं असेल," ती म्हणाली.

"अकरा वेळा?"

"नजरेतून सुटलं असेल."

"तुझ्या नजरेतून? माझ्या प्रोजेक्टमधला स्वल्पविराम सुटत नाही तुझ्या नजरेतून." झीनतने ओढणी काढून खुर्चीवर टाकली. "तू मुद्दाम केलंस. मला वाटतं बरं केलंस. फक्त तसं लिहू नकोस."

"मी मुद्दाम केलं असतं तर मला माहीत असतं ना?"

झीनतने फ्रिज उघडून पाण्याची बाटली घेतली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी साडेपाचला पुढचा भाग लागला. तो आधीच तयार होता. तोमा म्हणाला, "मी तोमा, चौथी ब." सहा वाजेपर्यंत वाहिनीच्या पानावर विचारणा सुरू झाली. नापास झाला का? अक्कलकोटच्या मुलीने या वेळी फोटो पाठवला नाही. आवाज पाठवला. त्यात ती एवढंच म्हणते की पेढे परत द्यायचे का.

रात्री महेजबीनने तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. भाग ११२६ ची फाइल तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटची सेव्ह झाली होती. एवढं लॅपटॉप सांगत होता. त्या बुधवारी तिने काय भाजी केली होती? कुणी आलं होतं का? लाइट गेली होती का? तिने फोनमधले त्या दिवसाचे मेसेज पाहिले. उमरला 'जेवायला या' असा एक मेसेज होता. आदल्या दिवशीही तोच होता. पुढच्या दिवशीही. फोटो नव्हता, फोन नव्हता, दवाखाना नव्हता. ४१ टाइप करताना बोट थांबलं होतं की नाही हे सांगेल असं त्या दिवसात काहीच नव्हतं. आदल्या बुधवारची दुपार आणि ही दुपार तिला वेगळी काढता आली नाही.

मग तिने मनाला विचारून पाहिलं. राग होता का? नव्हता. तोमाचा कंटाळा आला होता का? कंटाळा आला होता तो तिसऱ्या वर्षी. पाचव्या वर्षी तोही गेला. गंमत करावीशी वाटली होती का? तिला तसं आठवत नव्हतं. पण आठवत नाही म्हणजे वाटली नव्हती, असंही धरून चालता येत नव्हतं.

"सो जा," उमर म्हणाला. "गलती लिख और सो जा."

"गलती थी क्या पन?"

"मेरे को क्या मालूम? तेरा हाथ, तेरा जपान."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला तिने पहिल्या चौकटीवर खूण केली. अकराला ती काढली. दुसऱ्या चौकटीवर तिने बाण नेला आणि तसाच ठेवून कुकर बंद करायला उठली. परत येऊन तिने वरच्या मोकळ्या जागेत लिहायला घेतलं. मजकूर असा होता:

"वाक्य क्रमांक ४१ मी लिहिलं. भाग ११२६ मध्ये ४० च्या जागी ४१ माझ्याच हाताने टाइप झालं. स्टुडिओतल्या कुणाचा यात दोष नाही. ते वाक्य ओठांत बसत नाही, यावरून चूक वाटते. ते मी अकरा वर्षं यादीतून काढलं नाही, यावरून चूक वाटत नाही. मी आठवून पाहिलं. मला माहीत नाही."

दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवून तिने अकरा बावन्नला तो फॉर्म पाठवला.

बारा वाजून चार मिनिटांनी सिद्धांतचा फोन आला.

"ताई, काय केलंसा हो! 'माहीत न्हाय'ला त्यांच्या फॉर्मात चौकटच न्हाय."

"म्हणून वर लिहिलं."

"मी काय सांगू आता वर? आवो, मी चूक म्हणून बसलोय. माझी बी मान अडकलीय हितं."

"तुझं नाव मी घेतलेलं नाही."

"ते वाचलं मी." त्याच्या मागे कुणीतरी तोमाच्या बापाचं शटरचं वाक्य पुन्हा पुन्हा वाजवून बघत होतं. "खरं सांगा, मला एकट्याला. मुद्दाम केलं व्हय?"

"सिद्धांत, माहीत असतं तर मी एक खूण केली असती आणि जेवायला बसले असते."

"बरं," तो म्हणाला. "बगतो."

शनिवारी काही कळलं नाही. रविवारी सकाळी भाग ११२६ चं पुनःप्रक्षेपण होतं. त्याऐवजी दुसराच जुना भाग दाखवला गेला, कारण दिलं नाही. दर सोमवारी दहापर्यंत महेजबीनला पुढच्या दोन भागांची फाइल येते. या सोमवारी दुपारी सव्वातीनपर्यंत ती आलेली नव्हती. काम थांबवल्याचं पत्रही आलेलं नव्हतं. महेजबीनचा फॉर्म, त्याच्या खालच्या नोंदीप्रमाणे, मुंबईत शुक्रवारीच उघडला गेला होता आणि रविवारी जपानहून, एकाच तासात, चार वेळा.