आप्पांचं बुद्धदर्शन

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि माझ्या वडिलांना बुद्धाची आठवण झाली. त्याआधी पन्नास वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. कडा गावाच्या पुढं, डोंगराच्या पोटात खोदलेलं एक जुनं देऊळ आहे. आत बुद्धाची बसलेली मूर्ती. आसपासच्या वाड्यांतले बौद्ध लोक दर पौर्णिमेला तिथं वंदनेला जमतात. त्या वाड्या या खेपेला आप्पांच्या मतदार गटात आल्या होत्या, एवढंच त्यांना त्या देवळाबद्दल ठाऊक होतं.

मी तेजश्री, त्यांची थोरली मुलगी. प्रचाराचे व्हिडिओ काढायचं काम माझ्याकडं होतं. मुलीच्या कॅमेऱ्यात बाप उंच दिसतो, असं आप्पांचं मत.

चार गाड्या भरून आम्ही निघालो. वाटेत आप्पांनी भाषणाची तालीम केली. ‘लहानपणापासून मी या चरणांशी येतो आहे,’ असं एक वाक्य त्यात होतं. ते घोळवून घोळवून म्हणून झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरला, युसूफभाईंना, देवळाची वाट विचारली. त्यांनाही माहीत नव्हती. शेवटी ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी ती दाखवली.

देऊळ म्हणजे खडकात कोरलेली एक ओसरी आणि तिच्या आत एक अंधारी खोली. कार्यकर्ते चपला-बुटांसकट आत घुसले. आप्पाही. मूर्तीच्या शेजारी उभं राहून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच मला विचारलं, की आलं का नीट. मी फोन दाखवला. त्या अंधारात फोटोत बुद्धांची आकृती तेवढी दिसत होती, आप्पा दिसत नव्हते. तेवढ्यानं सगळी भक्ती वाया गेली.

आप्पांचा उजवा हात म्हणवणाऱ्या रविराजनं तोडगा काढला. मूर्ती घटकाभर बाहेर उन्हात आणायची, फोटो झाला की परत ठेवायची. तिथल्या वीस माणसांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. सुग्रीव नावाच्या कार्यकर्त्यानं गाडीतून पहार आणली. मी हात लावू नका म्हटलं, तर आप्पांनी मला फोन सरळ धरायला सांगितलं. मी सरळ धरला आणि व्हिडिओ चालू केला.

सुग्रीवनं आसनाखाली फट शोधली. सापडेना. मग त्यानं पहार जोरात घातली. तिसऱ्या घावाला मूर्तीच्या गुडघ्याचा तळहाताएवढा कपचा उडाला.

“मूर्ती खालनं सुटतच न्हाई, आप्पा,” सुग्रीव घाम पुसत म्हणाला. “डोंगराचीच हाय.”

रविराजला तेही पटलं नाही. सरकारनं खालून सिमेंट भरलं असेल, असा त्याचा अंदाज होता.

एवढ्यात सरस्वतीबाई वर आल्या. खालच्या वाडीतल्या; झाडलोट आणि दिवाबत्ती त्याच करतात. गाड्या पाहून त्या घाईनं चढल्या होत्या, धाप लागली होती. त्यांनी आधी पहार पाहिली, मग गुडघा. खाली बसून कपचा उचलला, पदरानं पुसला.

“उजेड पायजे हुता तर दिवा मागायचा हुता,” त्या म्हणाल्या. “आमी न्हाई म्हणलो नसतो.”

आप्पांनी प्रचारातला आवाज काढला. ते आधीपासूनच तुटलेलं होतं, आम्ही आलो तेव्हाच तसं दिसलं, निवडून आलो की पहिला निधी याच देवळाला, असं ते बोलत गेले. वीस माना हलल्या. मग माझ्याकडं वळून, अगदी हलक्या आवाजात, त्यांनी व्हिडिओ पुसायला सांगितलं.

मी त्यांच्याकडं पाहिलं. या माणसाला मी लहानपणी सगळ्यात शूर समजत असे. आता तो वीस माणसांच्या आडून एका बाईला घाबरत होता. मी सरस्वतीबाईंना नंबर विचारला आणि सगळ्यांसमोर व्हिडिओ पाठवून दिला.

“तेजू, आसं का केलंस?” आप्पा म्हणाले.

मी फोन खिशात घातला. सरस्वतीबाईंसोबत डोंगर उतरले आणि त्यांच्या पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून आष्टीच्या पोलीस ठाण्यात गेले. तक्रार त्यांनी दिली, साक्ष मी.

आठवड्याभरात पक्षानं आप्पांचं तिकीट कापलं आणि रविराजला दिलं. व्हिडिओत पहार त्याच्या हातात नव्हती, पक्षाला तेवढं सोवळं पुरलं. सुग्रीववर गुन्हा दाखल झाला. आप्पांचंही नाव त्यात आहे.

मी आता गेवराईला मावशीकडं राहते. मध्ये आप्पांचा फोन आला होता. बराच वेळ बोलले. पोरीनं बापाचं राजकारण संपवलं, रविराज उलटला, लोक नमकहराम आहेत. त्या गुडघ्याबद्दल ते काही विचारतील म्हणून मी थांबून राहिले. मग त्यांनी मला विचारलं, की साक्ष कधी बदलतेस. मी फोन ठेवला.